न्यूपोर ११ ची उडणारी प्रतिकृती: कोठे मूळ राखायचे, कोठे सोडायचे

पहिल्या महायुद्धातील विमानाची प्रतिकृती बांधणारे हौशी लोक मूळ नकाशांप्रमाणेच लाकूड वापरतात का आणि शंभर वर्षांपूर्वीचे इंजिन कोठून आणतात, असे आपण विचारले आहे. कॅनडात एका न्यूपोर ११ च्या बांधणीत मी दोन हिवाळे मदतनीस म्हणून काम केले, त्या अनुभवावरून उत्तर देतो. बहुतेक जण मूळ लाकूडही वापरत नाहीत आणि मूळ इंजिनही नाही. विमान जुने दिसते ते केवळ बाह्यरेषेमुळे.

गुस्ताव्ह देलाज यांनी आखलेले हे एकआसनी फ्रेंच लढाऊ विमान १९१६ च्या सुमारास आघाडीवर होते. त्याच्या पंखांचा विस्तार सुमारे साडेसात मीटर होता. कॅनडाच्याच ग्रॅहम ली यांनी त्याचे सात-अष्टमांश मापाचे नकाशे तयार केले आणि हौशी बांधकाम करणाऱ्यांत ते लोकप्रिय झाले. माप एवढेच घटवण्यामागे कारण आहे. लांबी सात-अष्टमांश झाली की पंखांचे क्षेत्रफळ जवळजवळ पाऊणपट होते, पण वैमानिकाचे खांदे आणि वजन आहे तेवढेच राहते. त्यामुळे याहून फार लहान विमान केले तर माणूस त्यात बसलेला नव्हे, त्यावर स्वार झालेला दिसतो.

मूळ सांगाडा लाकडी असून तारांनी ताणलेला होता. प्रतिकृतीत त्या जागी ॲल्युमिनियमच्या नळ्या येतात आणि सांध्यावर पत्र्याचे त्रिकोणी तुकडे ठेवून ते पॉप रिव्हेटने (एकाच बाजूने बसवता येणाऱ्या पोकळ खिळ्याने) जोडले जातात. वेल्डिंग लागत नाही, म्हणूनच गॅरेजमध्ये हे काम शक्य होते. रिव्हेटसाठी हजारो भोके पाडणे कंटाळवाणे असते, अवघड नसते. सांगाडा कापडाखाली झाकण्यापूर्वी कॅनडात तपासनीसाला दाखवावा लागतो. नंतर पॉलिएस्टरचे कापड चिकटवून त्यावर तापमान मोजलेली इस्त्री फिरवतात, तसे ते आकसून ढोलाच्या चामड्यासारखे ताणले जाते. मग मेणलावल्या दोऱ्याने ते पंखाला आकार देणाऱ्या प्रत्येक आडव्या फासळीशी, म्हणजे रिबशी, शिवतात, कारण वरच्या पृष्ठभागावरील हवेचे शोषण कापड वर ओढत असते आणि तेथे केवळ गोंदावर विसंबता येत नाही.

खरी कसोटी इंजिनाची. मूळ ल रोन इंजिन रोटरी होते, म्हणजे दांडा स्थिर आणि सिलिंडर प्रोपेलरसह फिरणारे. त्याचा वेग मिनिटाला सुमारे १२०० फेऱ्यांचा असल्याने त्याला मोठा प्रोपेलर चालत असे. आज अनेक जण फोक्सवॅगन मोटारीचे हवेने थंड होणारे चार सिलिंडरचे इंजिन बसवतात. ते थेट प्रोपेलरला जोडले तर उड्डाणात ३,००० हून अधिक फेऱ्या घेते आणि त्या वेगाला मोठा प्रोपेलर लावल्यास त्याची टोके ध्वनीचा वेग ओलांडतील, म्हणून प्रोपेलर दीड मीटरच्या आसपास ठेवावा लागतो. मात्र न्यूपोरचे गोल नाकझाकण सात-अष्टमांश मापातही ८०-९० सेंटिमीटर रुंद भरते, म्हणजे प्रोपेलरच्या वर्तुळाचा तिसऱ्या हिश्श्याएवढा मध्यभाग त्याच्या आडच जातो. वेगवान आधुनिक विमानाला जे इंजिन पुरते, ते या विमानाला म्हणूनच अपुरे वाटते. प्रोपेलर इंजिनापेक्षा सावकाश फिरवणारी पट्ट्याची गतिघट यंत्रणा बसवली तर प्रोपेलर मोठा करता येतो. तिचे वजन आणि देखभाल वाढते, तरी माझे मत तिच्याच बाजूने आहे.

गुरुत्वमध्याचा, म्हणजे विमानाचे वजन ज्या बिंदूवर तोलले जाते त्याचा, प्रश्नही याच इंजिनातून उद्भवतो. मूळ जड रोटरी लक्षात घेऊन या विमानाचे नाक आखूड ठेवलेले होते. हलके इंजिन त्याच जागी बसवले की शेपूट जड होते, आणि शेपूट-जड विमान स्टॉलमधून (पंखांची उचल अचानक कमी होण्याच्या स्थितीतून) सावरणे धोक्याचे असते. शेपूट गुरुत्वमध्यापासून इंजिनाच्या तिप्पट-साडेतिप्पट अंतरावर असल्याने तेथे वाढलेला प्रत्येक किलो पुढे तीन-साडेतीन किलोंनी फेडावा लागतो. आमच्या विमानाच्या शेपटीवर रंगाचे दोन थर जास्त चढले होते, कारण पहिल्या थरांत ब्रशच्या खुणा दिसत होत्या आणि त्या आम्हाला खपल्या नाहीत. तिन्ही चाकांखाली काटे ठेवून वजन केल्यावर हिशेब पुढे आला: बॅटरी इंजिनाशेजारी हलवली, तरीही नाकात चार किलो शिसे बोल्टने बसवावे लागले.