वादळ समुद्रातलं, पत्रे आपल्या चाळीवरचे

प्रश्न : घोडबंदर रोडला चौदाव्या मजल्यावर राहतो. समुद्र लांब आहे, तरी वादळाचा इशारा आला की सोसायटीत गावी निघायची चर्चा सुरू होते. जावं का?

नाही. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि घाट ओलांडून पुणे जिल्ह्यातलेही पत्रे उडवून गेलं. म्हणजे लांब असण्याने वाऱ्याचा जोर कमी होतो, धोका संपत नाही. पण पक्की इमारत सोडून घाटात पडलेल्या झाडामागे गाडीत अडकणं त्याहून वाईट. घरीच थांबा, काचांपासून दूर, पॅसेजमध्ये. काचेवर चिकटपट्टीच्या फुल्या मारून काही होत नाही, मनाचं समाधान तेवढं. बाल्कनीतल्या कुंड्या आदल्या दिवशीच आत घ्या. वीज गेली की पंप बंद, म्हणून पिंपं भरून ठेवा. वारा एकदम पडला तर ‘गाडी बघून येतो’ म्हणून खाली उतरू नका. वादळाचा डोळा, म्हणजे मधला शांत भाग, डोक्यावरून जात असेल, तर थोड्या वेळाने वारा उलट्या दिशेने येतो.

प्रश्न : कळव्यात डोंगराच्या उतारावर पत्र्याचं घर. वडील अंथरुणाला खिळलेले. निघायचं कधी?

तुम्हाला मात्र निघायलाच हवं, आणि उजेड असताना. इरशाळवाडीवर १९ जुलै २०२३ ला दरड आली ती रात्री, लोक झोपेत असताना. ते वादळ नव्हतं, नुसता पाऊस होता; वादळही आपल्याकडे तोच घेऊन येतं. भिंतीला नवी भेग, अचानक अडकणारं दार, कललेला विजेचा खांब, डोंगरातून गढूळ पाणी, यातलं एक जरी दिसलं तर अलर्टची वाट पाहू नका. वडिलांना कोण उचलणार, ती चार नावं आजच ठरवा. त्या चौघांना आधी विचारा, बरं का! जायचं ते लांब नको. खालच्या बाजूला पक्क्या इमारतीत नातेवाईक असतील तर उत्तम, नाहीतर महापालिका सांगेल ती शाळा. औषधं, रेशनकार्ड, आधार प्लास्टिकच्या पिशवीत.

प्रश्न : वाशीत तळमजल्यावर राहतो. पाणी भरेल का?

भरतीची वेळ बघा. नवी मुंबईचा बराच भाग भरावाचा आहे. भरतीला खाडीकडचे दरवाजे बंद राहतात आणि पावसाचं पाणी होल्डिंग पाँडमध्ये, म्हणजे त्यासाठीच्या साठवण तलावात, साठतं. मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की प्रश्न. इन्व्हर्टर उंचावर ठेवा, मेन स्विच बंद करा आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे आधीच बोलून ठेवा. अडचण आली तर जिल्हा आपत्ती कक्षाचा नंबर १०७७.