कीपरला मुख्य कोच व्हायचं असेल तर (लोपेतेगीवरून)

बाकावर बसलेला फुटबॉलचा कीपर, वय निघून चाललंय, कोचिंगमध्ये यायचंय आणि जो तो म्हणतोय, 'मग कीपिंग कोचच हो.' तुझी पोस्ट वाचली आणि जुनी कळ उठली. कोर्स, फी, वयाची अट तुला सापडेल, त्यात शिरत नाही. मी काही मोठा कोच नाही, शाळेतल्या पोरांना शिकवतो. तेवढ्याच वजनाने हे घे.

तू जुलेन लोपेतेगीचं नाव घेतलंस, पण स्पेनच्या कोचपदावरून झालेल्या २०१८ च्या हकालपट्टीपुरतंच. त्याच्या आधीचं बघ. (बाप बास्क मुलखातल्या दगड उचलण्याच्या शर्यतींतला नामांकित गडी, आणि पोरगा कीपर!) रियल माद्रिदच्या मुख्य संघाकडून लीगमध्ये जेमतेम खेळायला मिळालं, बार्सिलोनातही बाकच. खरा खेळला तो लोग्रोन्येस या स्पॅनिश क्लबकडून, १९९१ ते ९४. स्पेनकडून एकच सामना, १९९४ मध्ये क्रोएशियाविरुद्ध, तोही बदली म्हणून. त्या वर्षी वर्ल्ड कपला गेला आणि एक मिनिटही न खेळता परतला. माझ्या मते बाकावरच्या कीपरइतका सामना कुणी बघत नाही. अर्थात बघायचं ठरवलं तर. नाहीतर आमच्यासारखे बाटल्या भरत बसतात.

२००३ मध्ये रायो वायेकानो या क्लबचा कोच झाला आणि त्याच हंगामात काढला गेला. पुढचा संघ थेट २००८ मध्ये, रियल माद्रिदचा राखीव संघ कास्तिया. मधली पाच वर्षं कुणी सांगत नाही. मग स्पेनच्या फुटबॉल फेडरेशनची पोरं हाती आली. २०१२ ला १९ वर्षांखालचं युरोपियन विजेतेपद, २०१३ ला २१ वर्षांखालचं, अंतिम सामन्यात इटलीला ४-२. त्या २०१३ च्या संघातले दे खेया, थियागो, कोके, इस्को २०१८ च्या वर्ल्ड कप संघातही होते. म्हणजे स्पेनचा मुख्य संघ हातात आला तेव्हा यातल्या कित्येकांना तो पोरवयापासून ओळखत होता. मुख्य संघासोबत तो एकही सामना हरला नाही.

आता माझं रडगाणं. मी मुख्य कोचच्या कोर्सला अर्ज केला, तर एका कार्यालयाने (नाव घेत नाही, गावातच राहायचंय) तो परस्पर कीपिंगच्या यादीत टाकला. 'तुम्ही कीपर ना? मग सोयीचं पडेल.' सोयीचं कुणाला? विचारायला गेलो की साहेब बाहेर. साहेब असले की फाइल बाहेर. तेवढ्यात प्रवेश बंद झाले आणि पुढच्या कोर्सची वाट बघण्यात हंगाम गेला. माझ्याकडे अर्ज दिल्याची पोच नव्हती, कारण 'आम्ही पोच देत नाही' हे उत्तर. कीपिंग कोच होणं कमीपणाचं नाही हं, गैरसमज नको. पण ते तू ठरवायचं, टेबलापलीकडच्याने नाही.

२०१८ बद्दल विचारलंस म्हणून सांगतो. मे महिन्यात फेडरेशनने त्याचा करार २०२० पर्यंत वाढवला, १२ जूनला रियल माद्रिदने त्याला आपला पुढचा कोच जाहीर केलं, १३ जूनला फेडरेशनने काढलं, १५ जूनला स्पेनचा वर्ल्ड कपमधला पोर्तुगालशी सामना. फेडरेशनचा तेव्हाचा अध्यक्ष रुबियालेस, त्याचा राग मला समजतो, निर्णय पटत नाही. स्पर्धा संपेपर्यंत थांबता आलं असतं. ऐनवेळी नेमलेल्या कोच इएरोच्या हाती संघ गेला आणि स्पेन रशियाकडून पेनल्टीवर बाहेर. माद्रिदनेही ऑक्टोबरात बार्सिलोनाकडून ५-१ हरल्यावर त्याला घरी पाठवलं. आणि हाच माणूस २०२० मध्ये सेविया क्लबसोबत युरोपा लीग जिंकला, अंतिम सामन्यात इंटर मिलानला ३-२ हरवून. त्या सामन्यानंतरचं त्याचं रडणं बघ, मी दोनदा थांबवून बघितलंय.

तुझं वय किती आणि कुठल्या स्तरावर खेळलास ते लिही, मग कोर्सचं बोलू. तोवर अर्ज स्पीड पोस्टाने पाठव, पावती जपून ठेव. आणि जुने ग्लोव्हज टाकू नकोस, पोरांना सरावाला लागतात.