टेस्टचे आकडे हातात आहेत, आता पुढच्या सीझनचं टार्गेट कसं ठरवू?

तुम्ही लिहिलंय की वय ३८, वजन ७४ किलो, लातूरला राहता, सीझन संपल्यावर मार्चमध्ये टेस्ट घेतल्या. सायकलवर २० मिनिटांची सरासरी पॉवर १७४ वॉट, म्हणून एफटीपी (साधारण तासभर टिकवता येईल अशी जास्तीत जास्त पॉवर) १६५ धरला, वेगळ्या दिवशी ५ मिनिटांची २३५ आली, आणि पळण्यात ५ किमी २७ मिनिटात, १० किमी ६२ मिनिटात. आता डिसेंबरपर्यंत एफटीपी २०० करायचं टार्गेट ठेवू का, हा प्रश्न.

मी परभणीचा, सायकल आणि रनिंग दोन्ही करायलोय, आणि माझं मत विचाराल तर २०० चा आकडा आत्ता बाजूला ठेवा. तुमचेच आकडे शेजारी शेजारी मांडून बघा ना. ५ मिनिटाला २३५ आणि २० मिनिटाला १७४, म्हणजे पाऊण सुद्धा राहत नाही, लई मोठी घसरण आहे ही. आणि पळण्यातही तेच! एका अंतराच्या वेळेवरून दुसऱ्या अंतराचा अंदाज बांधायचं रीगल यांचं एक गणित आहे, अंतर दुप्पट झालं की वेळ दोनाच्या १.०६ घाताने वाढतो, म्हणजे साधारण २.०८५ पट, त्या हिशोबाने २७ मिनिटवाल्याचं १० किमी साडेछप्पन्नच्या आत यायला पाहिजे. तुमचं ६२. दोन वेगवेगळे खेळ एकच गोष्ट सांगायलेत की जोर भरपूर आहे, दम कमी आहे, मग टार्गेट पण दमाचंच पाहिजे.

अजून एक, १७४ ला ०.९५ ने गुणून एफटीपी काढतात ते बरोबर, पण मूळ पद्धतीत २० मिनिटांच्या आधी ५ मिनिटं जीव तोडून मारायची असतात, त्यात वरवरचा जोर निघून जातो. तुम्ही ती वेगळ्या दिवशी केली, त्यामुळे ताज्या पायांनी आलेला १६५ थोडा फुगलेला असणार, तुमच्यासारख्या जोरवाल्यांचा तर जास्तच फुगतो. मी १५५ ते १६० धरून चाललो असतो.

आता जूनअखेरपर्यंतचं माझ्या मते खरं टार्गेट हे: ११० वॉटवर २ तास एकसारखं चालवायचं आणि पहिल्या तासाचे हृदयाचे सरासरी ठोके, दुसऱ्या तासाचे सरासरी ठोके लिहून ठेवायचे. समजा पहिल्यात १२८ आणि दुसऱ्यात १३८ आले तर वॉट-ठोक्यांचं गुणोत्तर सात टक्क्यांच्या वर घसरलं, ते ५ च्या आत आणायचं. पळण्यात १० किमी ५८ मिनिटं, त्यासाठी आठवड्यात चार दिवस सावकाश, किलोमीटरला ७ ते सव्वासात मिनिटं, बोलत बोलत पळता येईल असं, आणि त्यातला एक दिवस हळूहळू ९० मिनिटांपर्यंत न्यायचा. वेग विसरू नये म्हणून त्यातल्याच एका दिवशी शेवटी २० सेकंदांच्या ५-६ धावा मारा, बस.

आणि आपल्याकडचं ऊन! हे बाहेरच्या प्लॅनमध्ये कुठंच लिहिलेलं नसतं म्हणून मुद्दाम सांगतो. मी एकदा मे महिन्यात सकाळी साडेसातला टेस्ट घेतली, डिसेंबरपेक्षा १४ वॉट कमी आणि ठोके १२ नी जास्त, मला वाटलं फिटनेसच गेला, त्या नादात दोन आठवडे जोरात इंटरव्हल (मध्ये विश्रांती घेत जोराचे छोटे टप्पे) मारले आणि पोटरी धरली, अख्खा जून वाया गेला. फिटनेस कुठं गेला नव्हता, अंग थंड ठेवायला रक्त कातडीकडं वळतं, घामाने पाणी कमी होतं, मग तेवढ्याच वॉटला हृदयाला जास्त पळावं लागतं. उन्हाची सवय व्हायला शरीराला १०-१४ दिवस तरी लागतात. म्हणून एप्रिल-मेमध्ये मोठी टेस्ट घेऊच नका, दमाची राइड सव्वापाचला सुरू करा, ऊन चढायच्या आत घरी. आठवड्यात दोन दिवस घरीच स्क्वॉट, लंज, पोटरीचे व्यायाम, ते चुकवू नका.

वजनाचं टार्गेट मी ठेवलं नसतं, ४० डिग्रीत कमी खाऊन ट्रेनिंग करणं मला पटत नाही.

पाऊस पडून हवा गार झाली की जुलैमध्ये पुन्हा टेस्ट घ्या. रस्ता तोच, वेळ पहाटेचीच, आधी दोन दिवस हलकं, आणि यावेळी ५ मिनिटांचं आधी मारून मग २० मिनिटं. ५ मिनिटाला २३५ च राहिले आणि २० मिनिटाला १८० च्या वर गेले तर दम वाढायलाय, मग २०० चं बोलू.