उत्तर: दोन सॅन (सर्व्हर आणि साठवणीची यंत्रं जोडणारी खास नेटवर्कं) वेगळ्या ठेवून टेप लायब्ररी पलीकडे दाखवायची असेल तर

तुमचं दुखणं ओळखीचं आहे. कुडाळ एमआयडीसीत एक फॅब्रिक (सॅनमधल्या स्विचचं एक जाळं), ओरोसला दुसरं, दोन्हीकडे स्विचचा डोमेन आयडी (फॅब्रिकमधला स्विचचा क्रमांक) १. कुडाळच्या बॅकअप सर्व्हरला ओरोसची टेप लायब्ररी हवी आहे. मध्ये ब्रोकेडचा राउटर बसला, ईएक्स पोर्ट (राउटरचा फॅब्रिकला जोडणारा पोर्ट) वर आला, झोन (कोणी कोणाला बघायचं त्याची यादी) केला, तरी टेप दिसत नाही. वर पुरवठादार सांगतोय की सरळ आयएसएल (स्विच ते स्विच थेट जोडणी) टाका आणि एकच फॅब्रिक करून मोकळे व्हा. रत्नागिरीत मारुती मंदिर ते मिरजोळे आम्ही अगदी यातूनच गेलो. झोनिंग म्हणजे काय वगैरे तुम्हाला येतंच, ते सोडतो.

पुरवठादाराचं ऐकू नका. डोमेन आयडी सारखे आहेत म्हणून जोडल्यावर लिंक सेगमेंट होईल (फॅब्रिकं वेगळीच राहतील), आणि ते तुमचं नशीबच म्हणायचं. आयडी वेगळे असते आणि झोनच्या नावांत भांडण नसतं, तर फॅब्रिकं गुपचूप एक झाली असती. नंतर केबल काढली तरी दोन्हीकडे एकत्र झालेला झोन डेटाबेस तसाच राहतो, तो हाताने निवडून साफ करावा लागतो. शिवाय हायवेच्या कामात जेसीबीने फायबर तोडली की त्याचा धक्का दोन्हीकडच्या सगळ्या सर्व्हरना बसणार.

राउटिंग म्हणजे दोन वाड्यांमधला गडगा तसाच ठेवून त्याला एक बेडं (फाटक) करायचं. पण ते दोन्ही घरांनी उघडलं तरच माणूस आत येतो. तुमचं घोडं बहुतेक इथेच अडलंय. झोन दोन्ही फॅब्रिकमध्ये हवा, दोन्हीकडे सर्व्हर आणि टेप या दोघांचेही पोर्ट डब्ल्यूडब्ल्यूएन, म्हणजे पोर्टचे स्वतःचे ओळखक्रमांक, हवेत (स्विच आणि पोर्टच्या क्रमांकाने लिहायची डोमेन-पोर्ट पद्धत इथे चालत नाही), आणि झोनचं नाव एल-एस-ए-एन आणि अंडरस्कोर यांनीच *सुरू* व्हायला हवं. अक्षरं लहान असोत की मोठी, पुढचं नाव दोन्हीकडे वेगळं असलं तरी बिघडत नाही. सुरुवात मात्र तीच.

आमची सगळ्यात मोठी फरपट या एका अटीपायी झाली. पलीकडचं फॅब्रिक आमच्या ताब्यात नव्हतं, ते मुख्यालयातला एक विभाग सांभाळायचा. त्यांच्या नियमावलीत होतं की झोनचं नाव शहराच्या संकेताने सुरू झालं पाहिजे. आम्ही नाव लिहून पाठवलं, त्यांनी पुढे आपला संकेत चिकटवला आणि 'झोन अ‍ॅक्टिव्ह आहे, अडचण तुमच्या बाजूला' असं लिहून तिकीट बंद केलं. पुन्हा उघडलं, पुन्हा बंद. त्यांच्या दृष्टीने खरंच होतं म्हणा, झोन अ‍ॅक्टिव्ह होताच. फक्त राउटरच्या लेखी तो साधा स्थानिक झोन होता, त्यामुळे त्याने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्या काळात आमच्याकडे फर्मवेअर बदलून झालं, एसएफपी (फायबर लावायची मॉड्यूलं) बदलून झाले, आणि टेपा भर पावसात प्लास्टिकच्या पिशवीत घालून रिक्षाने फिरल्या. अ‍ॅक्टिव्ह झोनची यादी पाठवा म्हटलं तर 'सुरक्षेच्या कारणास्तव देता येत नाही'. शेवटी फोनवर त्यांच्यातल्या एका मुलाने नाव वाचून दाखवलं तेव्हा उलगडा झाला. मग अपवादाचा फॉर्म, त्यावर सह्या... असो, रक्तदाब वाढतो.

म्हणून पलीकडची बाजू दुसऱ्याच्या हातात असेल तर 'झोन केला का' हे विचारूच नका, नाव अक्षर न अक्षर मागवा. राउटर तुमच्या ताब्यात असेल तर त्याहून सोपं: लसान झोनची (त्याच एल-एस-ए-एन नावाच्या झोनची) यादी स्थितीसकट काढा. टेपच्या डब्ल्यूडब्ल्यूएनपुढे ओरोसच्या फॅब्रिकमध्ये 'एक्झिस्ट' आणि कुडाळच्या फॅब्रिकमध्ये 'इम्पोर्टेड' दिसलं पाहिजे, सर्व्हरचं बरोबर उलट. कुडाळला टेपपुढे नुसतं 'कॉन्फिगर्ड' असेल तर तिथे नाव लिहिलंय पण वस्तू पोचलेली नाही, म्हणजे ओरोसचा झोन तपासा. आणि ओरोसचा झोन यादीतच नसेल तर आमचीच गोष्ट.

फॅब्रिक आयडी (राउटरवर फॅब्रिकला दिलेला क्रमांक) दोन्ही फॅब्रिकना वेगळा द्या, एकाच फॅब्रिकला दोन ईएक्स पोर्ट लावले तर त्या दोघांना मात्र एकच. ए आणि बी फॅब्रिक (एक बंद पडलं तर दुसरं, अशी ठेवलेली जोडी) एकाच राउटरवर आणायचा मोह होईल, पैसे वाचतात. माझं स्पष्ट मत: आणू नका. दोन वाटा ठेवल्या कशासाठी मग?

अंतराचंही बघा. कुडाळ–ओरोस रस्त्याने दहा किलोमीटरच्या वर आहे, केबल त्याहून लांब फिरलेली असणार. साधा १० किलोमीटरवाला लाँगवेव्ह एसएफपी लावला असेल तर लिंक आज वर आहे म्हणून खूश होऊ नका. पूर्ण आकाराच्या फ्रेमसाठी ८ जीबीपीएसला किलोमीटरमागे साधारण ४ बफर क्रेडिट (पलीकडून पोच यायच्या आधी किती फ्रेम पाठवता येतील ती मुभा) लागतात. ती कमी पडली तर टेप दिसेल, पण रडतखडत चालेल, आणि दोष लायब्ररीवर येईल.

हे सगळं ब्रोकेडपुरतं, तेही आमच्या जुन्या स्विचवरच्या अनुभवातून. बदल करायचा तो बॅकअप चालू नसताना. सिस्कोत हेच काम आयव्हीआर (इंटर-व्हीसॅन राउटिंग; व्हीसॅन म्हणजे स्विचवर केलेली वेगळी आभासी सॅन) करतं. तिथे आयव्हीआर झोन एकदा केला की स्विच स्वतःच प्रत्येक व्हीसॅनच्या अ‍ॅक्टिव्ह झोनसेटमध्ये (झोनच्या संचात) आपलं नाव लावून तो घालतो, त्यामुळे नावावरून हा तमाशा होत नाही. मात्र तिथे डोमेन आयडी सारखे असतील तर आयव्हीआर-नॅट (पत्ते बदलून देणारी सोय) लागतं.

जाता जाता: बॅकअप सर्व्हर एआयएक्स (आयबीएमची युनिक्स) असेल तर एफस्कझीवर (त्यातल्या फायबर चॅनेलच्या उपकरणावर) डायनॅमिक ट्रॅकिंग (पत्ता बदलला तरी यंत्र ओळखायची सोय) चालू करून ठेवा. नाहीतर राउटरने प्रॉक्सीचा (टेपच्या पलीकडे दिसणाऱ्या प्रतिरूपाचा) पत्ता कधी बदलला तर टेप पुन्हा गायब झाल्यासारखी वाटेल. तूर्तास ती स्थितीची यादी काढून इथे टाका, डब्ल्यूडब्ल्यूएनचे शेवटचे आकडे झाकून. नाव मात्र झाकू नका, तेच बघायचंय.