रेल्वे खाते आहे की कंपनी? : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे रेल्वेच्या कारभाराविषयी आहेत. प्रश्न वेगवेगळ्या गावांहून आले असले तरी एकाचे उत्तर दुसऱ्यात गुंतलेले असल्यामुळे ती एकत्र घेत आहोत.

प्रश्न : ‘आयआरसीटीसी’चे समभाग मी स्वतः विकत घेतले आहेत. तरीही रेल्वे ही कंपनी नसून सरकारी खाते आहे, असे माझे निवृत्त रेल्वे कर्मचारी असलेले शेजारी ठासून सांगतात. खरे काय? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आपले समभाग खरे आहेत आणि शेजारीही खरे बोलत आहेत. गाड्या चालवणारी, रूळ राखणारी आणि सुमारे १२ लाख माणसांना पगार देणारी भारतीय रेल्वे कंपनी कायद्याखाली नोंदलेली नाही. ती केंद्र सरकारच्या रेल्वे मंत्रालयाचाच भाग आहे. तिला भागभांडवल नाही, संचालक मंडळ नाही, भागधारकांची वार्षिक सभा नाही. तिचा हिशेब संसदेपुढे मांडला जातो आणि तो महालेखापरीक्षक तपासतात.

सुरुवात मात्र कंपन्यांपासूनच झाली होती. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली गाडी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे या इंग्लंडमधील कंपनीची होती. तिच्या भांडवलावर ५ टक्के परताव्याची हमी सरकारने दिलेली होती; म्हणजे नफा झाला तर तो भागधारकांचा आणि तूट आली तर ती येथील करदात्याची, असा तो व्यवहार होता. १९२५ मध्ये या कंपनीचा कारभार सरकारने आपल्या हाती घेतला. स्वातंत्र्यानंतर कंपन्यांच्या आणि संस्थानांच्या रेल्वे एकत्र करून झोन, म्हणजे अनेक विभाग मिळून होणारे मोठे प्रशासकीय प्रदेश, आखण्यात आले. त्यांपैकी मध्य आणि पश्चिम रेल्वे ५ नोव्हेंबर १९५१ रोजी एकाच दिवशी अस्तित्वात आल्या.

या सगळ्याच्या माथ्यावर १९०५ मध्ये स्थापन झालेले रेल्वे बोर्ड आहे आणि आपल्याला पडलेल्या प्रश्नाचे मूळ तेथेच आहे. बोर्डाच्या अध्यक्षांना आज ‘अध्यक्ष व मुख्य कार्यकारी अधिकारी’ म्हणतात. हे पदनाम एखाद्या कंपनीला शोभावे असे असले तरी त्यावर बसणारी व्यक्ती भारत सरकारची प्रधान सचिवही असते. म्हणजे धोरण ठरवणारे मंत्रालय आणि रोजच्या गाड्या चालवणारी यंत्रणा यांच्या शिखरावर एकच माणसे आहेत. डिसेंबर २०१९ मध्ये मंत्रिमंडळाने बोर्डाची फेररचना मंजूर केली. त्याआधी स्थापत्य, यांत्रिक, विद्युत, वाहतूक अशा प्रत्येक खात्याचा आपला सदस्य बोर्डावर असे, आणि विजेवर धावणारा गाडीसंच यांत्रिक खात्याचा की विद्युत खात्याचा, यासारखे वाद वर्षानुवर्षे चालत. आता पायाभूत सुविधा, इंजिने व डबे, परिचालन व व्यवसायविकास आणि वित्त असे चार सदस्य आहेत. रचना बदलली म्हणून खात्याखात्यांतली ओढाताण लगेच थांबेल असे मात्र प्रस्तुत लेखकाला वाटत नाही, कारण बढतीची शिडी कोणाच्या भिंतीला टेकलेली आहे, यावर अधिकाऱ्याची निष्ठा बरीचशी ठरते.

मग आपले समभाग कशाचे? रेल्वे मंत्रालयाच्या मालकीच्या, पण स्वतंत्रपणे नोंदलेल्या अनेक कंपन्या आहेत. कंटेनर वाहतुकीसाठी ‘कॉनकॉर’ (१९८८), तिकीटविक्री व खानपानासाठी ‘आयआरसीटीसी’ (१९९९), मालवाहतुकीच्या समर्पित मार्गांसाठी ‘डीएफसीसीआयएल’ (२००६) ही त्यांपैकी काही नावे. सर्वांत कमी चर्चा होते ती १९८६ मध्ये स्थापन झालेल्या ‘आयआरएफसी’ची. ही कंपनी बाजारातून कर्ज उभारते, त्या पैशांतून इंजिने, डबे आणि वाघिणी विकत घेते आणि त्या रेल्वेलाच भाड्याने देते. फलाटावरून धडधडत जाणाऱ्या मालगाडीच्या वाघिणी कागदोपत्री या कंपनीच्या असू शकतात. चालवणारे खाते मात्र भाडेकरू असते.

पैशांचा एक तपशील आपल्या स्वतःच्या तिकिटावरही सापडेल. प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी केवळ ५७ टक्के रक्कम भाड्यातून वसूल होते, असे वाक्य २०१६ पासून तिकिटांवर छापले जाऊ लागले. उरलेली तूट मुख्यतः मालवाहतूक, आणि त्यातही कोळसा, भरून काढतो. तरीही गेली काही वर्षे १०० रुपये मिळवण्यासाठी रेल्वेला सुमारे ९८ रुपये खर्च करावे लागत आहेत. उरलेल्या दोन रुपयांत नवे मार्ग होत नाहीत. म्हणूनच १९२४ पासून चालत आलेला स्वतंत्र रेल्वे अर्थसंकल्प २०१७ मध्ये सर्वसाधारण अर्थसंकल्पात विलीन झाला, रेल्वेने सरकारला द्यावयाचा लाभांश बंद झाला, आणि नव्या कामांचा मोठा भार केंद्राच्या तिजोरीने उचलला. २०२४-२५ मध्ये ही तरतूद सुमारे २ लाख ५२ हजार कोटी रुपयांची होती. कंपनीला असा हात मिळत नाही. ही गोष्ट पुढे कोकणाच्या प्रश्नात पुन्हा येणार आहे.

प्रश्न : आम्ही महाराष्ट्रात राहतो, मुंबईला जातो, तरी आमच्या गाडीचा निर्णय सिकंदराबादला का होतो? (एक प्रवासी, परभणी)

उत्तर : कारण रेल्वेची हद्द राज्याच्या हद्दीवरून आखलेली नाही, ती जुन्या मार्गांवरून आखलेली आहे. मनमाडहून मराठवाड्यात उतरणारा मार्ग निजामाच्या रेल्वेचा होता. १९५१ मध्ये ती रेल्वे मध्य रेल्वेत आली आणि २ ऑक्टोबर १९६६ रोजी सिकंदराबाद येथे दक्षिण मध्य रेल्वे स्थापन झाल्यावर हा भाग तिकडे गेला. त्या वेळी सोलापूर विभागही तिकडेच गेला होता. तो १९७७ मध्ये मध्य रेल्वेत परत आला, मराठवाडा मात्र तिकडेच राहिला. २००३ मध्ये हैदराबाद विभागातून वेगळा काढून नांदेड विभाग झाला, पण तोही दक्षिण मध्य रेल्वेतच. तो मध्य रेल्वेला जोडावा ही मागणी आपल्याकडे जुनीच आहे.

आता झोन आणि विभाग यांतला फरक पाहू. झोनचे प्रमुख महाव्यवस्थापक असतात. विभागाचे प्रमुख विभागीय रेल्वे व्यवस्थापक, ज्यांना सगळे ‘डीआरएम’ म्हणूनच ओळखतात. गाडी प्रत्यक्षात चालते ती विभागात. आपली तपोवन एक्सप्रेस घ्या. मुंबईहून इगतपुरीपर्यंत ती मुंबई विभागाच्या ताब्यात असते, तेथून मनमाडपर्यंत भुसावळ विभागाच्या, आणि मनमाडहून वळल्यावर थोड्याच अंतरात नांदेड विभागाच्या. म्हणजे एका दिवसाच्या प्रवासात तीन विभाग आणि दोन झोन.

प्रत्येक विभागाच्या मुख्यालयात एक नियंत्रण कक्ष असतो. रेल्वेच्या बोलीत त्याला नुसते ‘कंट्रोल’ म्हणतात. तेथे बसलेल्या सेक्शन कंट्रोलरसमोर एक तक्ता असतो: एका बाजूला स्थानके, दुसऱ्या बाजूला घड्याळ, आणि प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. पूर्वी या रेघा पेन्सिलीने आणि पट्टीने ओढल्या जात. आता संगणकाच्या पडद्यावर उमटतात. एकेरी मार्गावर समोरासमोर येणाऱ्या दोन रेघा स्थानकावरच एकमेकींना छेदल्या पाहिजेत, दोन स्थानकांच्या मध्ये कदापि नाही. मनमाडच्या पुढच्या मार्गाचा मोठा भाग आजवर एकेरीच राहिला. त्यामुळे गाडी मनमाडला चाळीस मिनिटे उशिरा आली की तिची आखलेली जागा गेलेली असते. समोरून येणाऱ्या गाडीसाठी तिला लूप लाइनवर, म्हणजे स्थानकातल्या बाजूच्या रुळावर, थांबवायचे की त्या गाडीला, हे कंट्रोलर दूरध्वनीवरून स्टेशन मास्तरांना सांगतो. हद्दीवर गाडी किती वाजता हाती आली याची नोंद दोन्ही विभाग काटेकोरपणे ठेवतात, कारण उशिराचे खापर कोणत्या विभागावर फुटायचे, हे त्या नोंदीवरून ठरते.

नांदेड विभाग मुंबईच्या झोनला जोडला तर नव्या गाड्यांसाठी आपला आग्रह मुंबईत धरता येईल, हे खरे. पण एकेरी मार्गावरचे क्रॉसिंग झोन बदलल्याने टळत नाही. त्यासाठी दुसरा रूळच लागतो.

प्रश्न : आमच्या गावी एका जलद गाडीला थांबा मिळावा म्हणून डीआरएमना तीन निवेदने दिली. प्रत्येक वेळी ‘प्रस्ताव वर पाठवला’ एवढेच उत्तर येते. (ग्रामस्थ, जळगाव जिल्हा)

उत्तर : ते उत्तर टाळाटाळीचे वाटले तरी बहुधा खरे आहे. स्थानकाची स्वच्छता, फलाटावरचे पाणी आणि दिवे, तिकीट खिडक्या, गाडीचा वक्तशीरपणा हे डीआरएमच्या हातात आहे. थांबा, भाडे आणि नवी गाडी यांचा निर्णय दिल्लीत रेल्वे बोर्डात होतो. मंजुरी मिळालीच तर ती बहुतेक वेळा ‘प्रायोगिक तत्त्वावर’ असते, आणि तेथून किती तिकिटे विकली गेली हे पाहून थांबा पुढे चालू ठेवला जातो. म्हणून निवेदनासोबत आपल्या गावाहून किती लोक शेजारच्या स्थानकावर जाऊन गाडी पकडतात याची माहिती जोडावी. विभागाच्या आणि झोनच्या प्रवासी सल्लागार समित्यांवर स्थानिक प्रतिनिधी असतात. त्यांच्याकरवीही विषय मांडता येतो, मात्र नावाप्रमाणे त्या सल्ला देतात, निर्णय देत नाहीत. एका मिनिटाच्या थांब्यासाठी कागद दिल्लीपर्यंत जावा, हे आम्हालाही अतिरेकी केंद्रीकरण वाटते. तो थांबा द्यायचा की नाही हे महाव्यवस्थापकाला ठरवू न देणे आणि त्याच वेळी हजारो कोटींच्या कारभाराची जबाबदारी त्याच्यावर टाकणे, ही विसंगतीच आहे.

प्रश्न : कोकण रेल्वे भारतीय रेल्वेत विलीन होणार म्हणतात. ती आजवर वेगळी का होती, आणि विलीनीकरणाने आम्हांला काय मिळेल? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : पहिल्या उत्तरात ज्या ‘कंपनी’चा शोध घेतला, ती आपल्या दाराशीच आहे. कोकण रेल्वे महामंडळ जुलै १९९० मध्ये कंपनी कायद्याखाली स्थापन झाले. जॉर्ज फर्नांडिस तेव्हा रेल्वेमंत्री होते, मधू दंडवते अर्थमंत्री होते आणि ई. श्रीधरन महामंडळाचे पहिले अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक झाले. भागभांडवलात केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, आणि गोवा व केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के असा ठरला. उरलेला पैसा मुख्यतः रोख्यांतून उभा केला. खात्याच्या चौकटीत हा मार्ग वर्षाला मिळेल तेवढ्या तरतुदीवर रखडत राहिला असता. कंपनीमुळे पैसा आणि निर्णय दोन्ही बेलापूरच्या एका कार्यालयात आले, आणि डोंगर, खाड्या, ६४ मीटर उंचीचा पानवल पूल, साडेसहा किलोमीटरांचा करबुडे बोगदा हे सारे पार करून रोहा ते ठोकूर हा सुमारे ७४० किलोमीटरांचा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण खुला झाला.

किंमतही मोजावी लागली, आणि ती प्रवाशांनीही मोजली. कर्जफेड व्हावी म्हणून या मार्गावर भाड्यासाठी धरलेले अंतर प्रत्यक्ष अंतराहून जास्त ठेवण्याची पद्धत पडली. तिकिटावरचे किलोमीटर आणि रुळाच्या कडेचे दगड यांचा मेळ लागत नाही, असे आपल्या लक्षात आले असेल, तर त्याचे कारण हेच. दुसरी अडचण दुहेरीकरणाची. रोहा ते वीर हा ४६ किलोमीटरांचा टप्पा २०२१ मध्ये दुहेरी झाला. त्यापुढे गणपतीत जादा गाड्या सोडल्या की त्या एकमेकींची वाट पाहत उभ्या राहतात, हे कोकणातल्या चाकरमान्यांना सांगायला नको. केंद्राच्या तिजोरीतून येणारा जो हात खात्याला मिळतो तो महामंडळाला सहजी मिळत नाही, आणि स्वतः मोठे कर्ज काढण्याइतके त्याचे उत्पन्न नाही. विलीनीकरणाची मागणी जोर धरण्याचे मुख्य कारण हे आहे. इतर तीन राज्यांच्या पाठोपाठ महाराष्ट्रानेही २०२५ मध्ये संमती कळवली, आणि ‘कोकण रेल्वे’ हे नाव राखण्याची अट घातली.

मिळण्यासारखे आहे ते दुहेरीकरणाचे पैसे आणि स्थानकांवरच्या सुविधा. गमावण्यासारखेही काही आहे. २००३ मध्ये वैभववाडीजवळ आणि २००४ मध्ये करंजाडीजवळ दरडींमुळे झालेल्या अपघातांनंतर या मार्गाने पावसाळ्यापुरते वेगळे, कमी वेगाचे वेळापत्रक, डोंगरउतारांवर जाळ्या आणि रात्रंदिवस गस्त यांची घडी बसवली. ही घडी एकाच संस्थेच्या देखरेखीखाली आहे. उद्या मार्गाचे तुकडे करून मुंबई, हुबळी आणि चेन्नई येथील झोनांना वाटून दिले, तर ती विस्कटण्याची भीती आहे. नावाच्या अटीपेक्षा मार्ग अखंड ठेवण्याची अट अधिक मोलाची ठरली असती, असे आमचे मत आहे.

प्रश्न : नुकसानभरपाईसाठी दावा करायचा तर तो कोणावर? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : आपल्या शहरात या प्रश्नाला एक जादा गुंता आहे, कारण नागपुरात दोन विभागांची मुख्यालये आहेत, एक मध्य रेल्वेचे आणि दुसरे बिलासपूरच्या दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचे. घटना कोणाच्या हद्दीत घडली हे आधी पाहावे. अपघातातील इजा, माल हरवणे किंवा भाड्याचा परतावा असा विषय असेल तर तो रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे जातो. त्याचे खंडपीठ नागपुरातच आहे. त्याबाहेरच्या दिवाणी दाव्यात प्रतिवादी ‘भारत संघ’ असतो, कारण रेल्वे स्वतः कायदेशीर व्यक्ती नाही. दाव्यापूर्वी संबंधित झोनच्या महाव्यवस्थापकांना दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली नोटीस द्यावी लागते आणि सर्वसाधारणपणे दोन महिने थांबावे लागते. तक्रार आयआरसीटीसीने पुरवलेल्या जेवणाची असेल तर मात्र ती कंपनी असल्यामुळे तिच्याच नावाने करता येते. नोटीस नोंदणीकृत टपालाने पाठवून पोच जपून ठेवावी. मुंबई आणि बिलासपूर यांपैकी कोणता पत्ता घालायचा, हे घटनास्थळाच्या किलोमीटर दगडावरून ठरेल.