‘गळ्याचा कॅन्सर’ म्हणजे नेमका कोणता?

कर्करोग रुग्णालयाच्या समुपदेशन कक्षात एक प्रश्न मला जवळजवळ त्याच शब्दांत पुन्हा पुन्हा ऐकावा लागतो: “गळ्याचा कॅन्सर निघाला आहे, आता किती दिवस?” मराठीत ‘गळा’ हा शब्द घशालाही चालतो आणि मानेच्या पुढच्या भागालाही चालतो, त्यामुळे तंबाखूने होणारा घशाचा किंवा स्वरयंत्राचा कर्करोग आणि थायरॉइड ग्रंथीचा कर्करोग हे दोन वेगळे आजार घराघरांत एकाच नावाने बोलले जातात. वैशालीताईंच्या घरी नेमके हेच झाले होते. (नाव आणि ओळखीच्या खुणा अर्थातच बदलल्या आहेत.)

अडतीस वर्षांच्या, प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या वैशालीताई पती आणि सासूबाईंसह आल्या, तेव्हा त्यांच्या हातात सुईच्या तपासणीचा अहवाल होता आणि त्यावर ‘पॅपिलरी कार्सिनोमा’ (थायरॉइडच्या कर्करोगाचा एक प्रकार) असे लिहिलेले होते. सासरे काही वर्षांपूर्वी घशाच्या कर्करोगाने गेले होते. त्यांच्या नाकातली नळी आणि गेलेला आवाज त्या घराने पाहिला होता. त्यामुळे सुनेच्या अहवालावरचा शब्द वाचला गेला तो त्या आठवणीतून. पती गप्प होते. सासूबाईंनी मात्र कारण शोधून ठेवले होते: “चार वर्षं रोज ती थायरॉइडची गोळी घेते, तीच उष्ण पडली.”

गोळीपासूनच सुरुवात करणे मला योग्य वाटले, कारण दोषाची भावना मनात असताना पुढचे काही ऐकू जात नाही. ती गोळी म्हणजे ग्रंथी स्वतः जो हार्मोन तयार करते तोच असतो आणि तिच्यामुळे ही गाठ झाली असे मानायला आधार नाही. निश्चितपणे माहीत असलेले मोठे कारण म्हणजे लहानपणी मानेवर झालेला किरणोत्सर्गाचा मारा. १९८६ साली चेर्नोबिलच्या अणुभट्टीत स्फोट झाल्यावर किरणोत्सारी आयोडीन गवतातून गाईंच्या दुधात आणि दुधातून मुलांच्या थायरॉइडमध्ये गेले, आणि काही वर्षांतच त्या भागातल्या मुलांमध्ये याच पॅपिलरी प्रकाराचे रुग्ण वाढलेले दिसले. याखेरीज स्त्रियांमध्ये हा आजार पुरुषांच्या सुमारे तिप्पट आढळतो, काही कुटुंबांत तो आनुवंशिक असतो, आणि आहारात आयोडीन कमी असलेल्या प्रदेशांत फॉलिक्युलर नावाच्या दुसऱ्या प्रकाराचे प्रमाण अधिक दिसते. पण समोर बसलेल्या बहुतेक रुग्णांच्या बाबतीत बोट ठेवता येईल असे एकही कारण सापडत नाही, आणि हे उत्तर नातेवाइकांना सर्वांत अपुरे वाटते.

“पण माझी रक्ताची तपासणी दर वेळी व्यवस्थित असायची,” वैशालीताई म्हणाल्या. टीएसएचची तपासणी ग्रंथी काम किती करते ते सांगते, तिच्यात गाठ आहे की नाही ते सांगत नाही. त्यासाठी सोनोग्राफी आणि सुईची तपासणी लागते.

मग मी प्रकारांकडे वळले. थायरॉइडच्या दर दहा कर्करोगांपैकी सुमारे आठ पॅपिलरी असतात. तो सावकाश वाढतो, मानेतल्या लसिकाग्रंथींमध्ये (लिम्फ नोडमध्ये) पसरला तरी बहुधा आटोक्यात येतो, आणि ग्रंथीपुरता मर्यादित असेल तर पाच वर्षांनंतर जवळजवळ सर्वच रुग्ण हयात असतात. फॉलिक्युलर प्रकार रक्तावाटे फुप्फुसांत किंवा हाडांत जाऊ शकतो, आणि त्याचे निदान सुईने पक्के होत नाही. गाठीचे आवरण भेदले गेले आहे का, हे शस्त्रक्रियेनंतरच कळते. मेड्युलरी प्रकार वेगळ्या पेशींतून येतो आणि साधारण चारपैकी एका रुग्णात तो आनुवंशिक असल्याने नातेवाइकांचीही जनुकीय तपासणी करावी लागते. ज्या आजाराला ‘किती दिवस’ हा प्रश्न खरोखर विचारावा लागतो तो अॅनाप्लास्टिक. तो दुर्मीळ आहे, बहुधा उतारवयात होतो आणि काही महिन्यांत जीव घेऊ शकतो. वय इतके महत्त्वाचे आहे, की २०१८पासून वापरात असलेल्या वर्गीकरणात पॅपिलरी किंवा फॉलिक्युलर आजार असलेल्या पंचावन्नपेक्षा कमी वयाच्या रुग्णाला, आजार फुप्फुसांत गेला असला तरी, दुसऱ्याच्या पुढचा टप्पा दिलाच जात नाही. हे ऐकून पतींनी पहिल्यांदा मान वर केली. सासऱ्यांच्या वेळी ‘शेवटची स्टेज’ हेच शब्द त्यांनी ऐकले होते.

वैशालीताईंच्या मानेच्या बाजूच्या लसिकाग्रंथींतही आजार असल्याने संपूर्ण थायरॉइड आणि त्या ग्रंथी काढण्याचे ठरले. लहान, एकाच बाजूच्या गाठीसाठी अर्धी ग्रंथी काढणेही पुरते, म्हणून शेजारणीचे ऐकून “मग माझी पूर्ण का?” असे विचारणाऱ्यांना मी त्यांचा स्वतःचा अहवाल घेऊन शल्यचिकित्सकांकडे परत पाठवते. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी त्यांच्या ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या. थायरॉइडला चिकटलेल्या चार छोट्या पॅराथायरॉइड ग्रंथी दुखावल्या, की कॅल्शियम उतरते. बहुतेकांत ते काही आठवड्यांत सावरते, थोड्यांना गोळ्या कायम घ्याव्या लागतात. मुंग्यांविषयी आधी सांगितलेले असल्यामुळे त्यांनी घाबरून न जाता परिचारिकेला लगेच कळवले. आवाजाची भीती मात्र पूर्ण खोटी ठरली नाही. बोलणे स्पष्ट राहिले, पण शाळेच्या प्रार्थनेतला वरचा सूर लागेना. त्या सुरासाठी लागणारी बारीक नस ग्रंथीच्या वरच्या टोकाजवळून जाते. तो स्वर पूर्ण परत येईल असे आश्वासन मी दिले नाही, स्वरोपचार तज्ज्ञांची वेळ मात्र ठरवून दिली.

पुढे किरणोत्सारी आयोडीन द्यायचे ठरले, तेव्हा त्यांनी शिक्षिकेला शोभेल असा प्रश्न विचारला: “चेर्नोबिलच्या मुलांना ज्याने आजार झाला, तेच मला औषध म्हणून देणार?” होय, तेच आयोडीन-१३१. त्या मुलांच्या वाढत्या ग्रंथीतल्या पेशी त्याने मारल्या नाहीत, बिघडवल्या. इथे मात्रा इतकी मोठी असते, की आयोडीन शोषणाऱ्या उरल्यासुरल्या पेशी नष्ट व्हाव्यात. तरीही ते निरुपद्रवी नाही, म्हणूनच कमी धोका असलेल्या रुग्णांना ते टाळले जाते. दर आठ दिवसांनी त्याची तीव्रता निम्मी होते. त्यामुळे काही दिवस सहा वर्षांच्या मुलाला कुशीत घेता येणार नव्हते, आणि सर्व गोष्टींत त्यांना हीच सर्वांत जड गेली.

नऊ महिन्यांनी त्या तपासणीला आल्या. थायरोग्लोब्युलिन, म्हणजे थायरॉइडच्या पेशींतून रक्तात येणारे प्रथिन, जवळजवळ शून्यावर होते. पहाटे साडेपाचला उपाशीपोटी गोळी, अर्ध्या तासाने चहा, आणि कॅल्शियम चार तास सोडून, हे त्यांच्या अंगवळणी पडले होते. प्रार्थना आता दुसऱ्या बाई सुरू करतात. निघताना सासूबाई मागे थांबल्या आणि मानेवरचा पदर थोडा बाजूला करून म्हणाल्या, “मॅडम, ही पंधरा वर्षांपासून आहे.” सोनोग्राफी आणि सुईची तपासणी झाली; गाठी साध्या निघाल्या, आणि त्यांना वर्षाने पुन्हा बोलावले आहे.