गोळी आणि थाप

प्रश्न (पत्र थोडक्यात): मी पुण्यात नोकरी करते. आमचा नऊ वर्षांचा लॅब्रॅडॉर, बंड्या, साताऱ्याला आई आणि दादा-वहिनींकडे असायचा. जूनमध्ये ऑफिसच्या कामासाठी मी तीन आठवडे परदेशी होते. तो मागच्या पायाने लंगडतोय असं आईकडून कळलं, म्हणून दादाला फोन करून डॉक्टरकडे न्यायला सांगितलं. दोन दिवसांनी विचारलं तर म्हणाला, "नेलं, औषध चालू आहे." परत आले तेव्हा बंड्या जागचा उठत नव्हता, तोंडाला घाण वास येत होता. डॉक्टरकडे नेलंच नव्हतं. आईच्या गुडघ्यांसाठी घरात असलेली आयब्युप्रोफेनची गोळी दादा त्याला दोन वेळा पोळीत घालून देत होता. उलट्या होत होत्या, शी काळी होत होती, तरी गोळी चालूच. रक्ततपासणीत क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती काम करते ते सांगणारा आकडा, ११ आलं. दोन दिवस सलाईन लावूनही लघवी उतरेना. शेवटी इंजेक्शन देऊन झोपवायचं ठरलं. सही मी केली. त्याचे डोळे उघडेच राहिले, ते माझ्यासमोरून हलत नाहीत. आई म्हणते, दादाने चांगल्या मनानेच दिली, कुत्र्यापायी भावाशी वैर धरू नकोस. दादा म्हणतो, राखीला ये, नवीन पिल्लू आणून ठेवतो. सात वर्षांच्या पुतणीला सांगितलंय की बंड्या शेतावर राहायला गेला. मी दादाला माफ करायलाच हवं का?

उत्तर:

आधी सहीबद्दल बोलू. तुझ्या पत्रात दादावर दोन पानं आहेत आणि सहीवर एकच ओळ. पण त्या ओळीखाली तू पेन दाबून दोनदा रेघ ओढली आहेस.

निरोगी कुत्र्याचं क्रिएटिनिन साधारण १.५ च्या आसपास किंवा त्याहून कमी असतं. ते वाढलेलं दिसायला लागतं तोवर किडनीचं जवळजवळ पाऊण काम बंद पडलेलं असतं. बंड्याचं ११ होतं. तोंडाचा तो वास रक्तात साठत गेलेल्या विषारी द्रव्यांचा. वरून सलाईन जातंय आणि लघवी उतरत नाही, अशा अवस्थेत आणखी थांबलं तर पुढे धाप, झटके आणि तगमग. कुत्र्यांचं डायलिसिस आपल्याकडे मोजक्याच ठिकाणी होतं आणि एवढं झाल्यावर त्याचीही हमी कुणी दिली नसती. तेव्हा बंड्या राहणार की जाणार, हे त्या कागदावर ठरायचं नव्हतंच. कसा जाणार, एवढंच ठरायचं होतं आणि ते तू त्याच्या बाजूने ठरवलंस.

आता डोळ्यांचं. ते इंजेक्शन म्हणजे भुलीच्या औषधाचाच मोठा डोस असतो. काही सेकंदांत शुद्ध हरपते, श्वास आणि हृदय त्यानंतर थांबतं. पापण्या मिटून राहायला स्नायूंचा जोर लागतो. तो जोरच संपलेला असतो, म्हणून बहुतेक कुत्र्यांचे डोळे उघडेच राहतात. कधी कधी नंतर एखादा मोठा श्वास घेतल्यासारखं होतं, पाय थरथरतो, तेही तसंच. तो तुझ्याकडे बघत नव्हता गं. डॉक्टरांनी हे आधी सांगायला हवं होतं. पुष्कळ जण सांगत नाहीत आणि मग माणसं वर्षानुवर्षं त्या नजरेचा अर्थ लावत बसतात.

तू आधी आली असतीस तर तो वाचला असता का? खोटा दिलासा देत नाही. गोळी पहिल्या दोन-चार दिवसांत बंद होऊन उपचार सुरू झाले असते, तर वाचण्याची शक्यता बरीच होती. पण तुला काय ठाऊक होतं? डॉक्टरकडे नेलंय, औषध चालू आहे. एवढं ऐकल्यावर कोण तिकीट बदलून येतं?

इथेच दादाचं प्रकरण सुरू होतं आणि मला वाटतं तुमच्या घरात त्याची सरमिसळ झाली आहे. दादाने दोन गोष्टी केल्या. गोळी दिली आणि थाप मारली. आई बोलते ती फक्त गोळीबद्दल.

गोळीच्या बाबतीत आईचं बरंचसं खरं आहे. माणसाला चालते ती गोळी कुत्र्यालाही चालत असेल, वजनाच्या मानाने जरा कमी दिली की झालं, असं मानणारी माणसं घराघरात आहेत, चांगली शिकलेलीसुद्धा. आयब्युप्रोफेन शरीरातल्या ज्या रसायनांना रोखून दुखणं कमी करतं, तीच रसायनं जठराचं अस्तर आणि किडनीचा रक्तपुरवठा सांभाळत असतात. कुत्र्याच्या अंगात ही गोळी माणसापेक्षा जास्त वेळ रेंगाळते, म्हणून आधी पोटात व्रण होतात, मग किडनी जाते. डांबरासारखी काळी शी म्हणजे पोटात झालेला रक्तस्राव. (मांजर पाळणाऱ्यांनी इथेच ऐकून ठेवा: तापाची साधी पॅरासिटामॉल, एक गोळीसुद्धा, मांजराचा जीव घेऊ शकते.) हे दादाला माहीत नव्हतं. माहीत नसण्याला मी अपराध म्हणणार नाही. उलट्या आणि काळी शी दिसूनही गोळी चालू ठेवणं हा मात्र निष्काळजीपणा, आणि तो त्याच्या पदरात घालायलाच हवा.

पण तुला रात्री झोप लागत नाही ती गोळीमुळे नाही. ती "नेलं" या एका शब्दामुळे लागत नाही. तो शब्द अज्ञानातून आलेला नाही. दवाखान्यात जायचा कंटाळा, बहिणीची कटकट टाळायची, "उद्या नेतो" म्हणत दिवस ढकलायचे, आणि मग खरं सांगायची सोयच उरली नाही. माणसं अशी थाप रोज मारतात, बिल भरलं, फोन केला, कागद पाठवला. बहुतेक वेळा निभावून जातं. या वेळी ती थाप बंड्याच्या आणि दवाखान्याच्या मधोमध उभी राहिली. आई "चांगल्या मनाने" म्हणते तेव्हा ती गोळीचा हिशोब मांडून थापेचा मिटवून टाकते. म्हणून तुला तिचंही बोलणं टोचतं. तू कुत्र्यापायी वैर धरलेलं नाहीस. भाऊ खोटं बोलला याचा तुला राग आहे, आणि त्या रागाचं वय बंड्याहून मोठं असावं अशी मला शंका आहे. घरात दादाच्या चुका पोटात घालायची सवय जुनी आहे का? पत्रात तसं काही नाही, पण आईची वाक्यं फार सरावाची वाटली.

राहिलं "कुत्र्यापायी". तू साताऱ्याची. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुलीला साताऱ्याच्या थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे, हे आईला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. छत्रपतींनी कुत्र्यासाठी दगड घडवून घेतला. तू महिनाभर रडलीस तर त्यात जगावेगळं काही नाही.

माफीचा प्रश्न सध्या बाजूला ठेव. ज्याने चूक काय झाली हे अजून उच्चारलेलं नाही, त्याला माफ कशाबद्दल करायचं? तुझ्या पत्रात दादाची तीन-चार वाक्यं आहेत आणि एकातही "मी खोटं बोललो" नाही. तेव्हा आधी त्याच्याशी बोल. आई-वहिनींसमोर नको आणि फोनवर तर नकोच. त्याने सॉरी म्हणावं म्हणून जाऊ नकोस, सॉरी त्याच्या तोंडून पटकन निघेल आणि विषय संपेल. त्याला त्या दिवसांचा तपशील विचार. कोणत्या दिवशी पहिली गोळी दिली, किती दिल्या, काळी शी पहिल्यांदा कुणी पाहिली, मला "नेलं" म्हणालास तेव्हा बंड्या कुठे बसला होता. मध्ये ओरडू नकोस. तो हे सगळं सांगू शकला, तर तुमच्या नात्यात अजून पुष्कळ काही शिल्लक आहे. "झालं ते झालं, आता काय उकरतेस" म्हणाला, तर उठून ये. त्याला आणखी वेळ लागेल आणि तोवर तू त्याच्याशी पूर्वीसारखं वागायला बांधील नाहीस. यंदा राखी पोस्टाने पाठवलीस तरी आभाळ कोसळणार नाही. अजिबात नाही पाठवलीस तरी मी तुला बोल लावणार नाही.

त्यालाही दुःख असेल, हे नाकारत नाही. रोज सकाळी फिरायला तोच नेत होता, असं तू ओझरतं लिहिलं आहेस. पण त्याचं दुःख त्याला तुझ्याजवळ मोकळं करता येत नाही तेही त्या थापेमुळेच. ती बोलून टाकेपर्यंत तो नुसता पिल्लाचीच भाषा बोलत राहणार.

पिल्लू मात्र आणू देऊ नकोस. आजच फोन करून सांग. गेलेल्या जनावराची भरपाई म्हणून आणलेलं पिल्लू घरात सगळ्यांना नको असलेली आठवण होऊन राहतं. शिवाय लसी, शी-शू, रात्रीचं रडणं, हे साताऱ्यात पुन्हा कुणाच्या गळ्यात पडणार? दादाच्याच. तू पुण्याहून पुन्हा फोन करून विचारणार, नेलंस का, आणि तो हो म्हणेल तेव्हा तुझा विश्वास बसणार नाही. पुढेमागे कुत्रं पाळायचंच झालं तर ते तुझ्या घरात, तुझ्या हाताखाली राहील असं बघ.

आणि पुतणी. बंड्या शेतावर गेला म्हणजे एक दिवस भेटायला जाता येईल, असा तिचा हिशोब असणार. सात वर्षांच्या मुलीला मरण कळतं. बंड्या खूप आजारी पडला, किडनी बंद पडली, डॉक्टरांनी त्याला न दुखता जाऊ दिलं, तो परत येणार नाही, इतकं साध्या शब्दांत सांगितलं की पुरे. "झोपवलं" हा शब्द तिच्यासमोर वापरू नका, मुलं रात्री झोपायला घाबरतात. हे तिला दादाने सांगावं, असा आग्रह तू धर. चुकीची गोळी आपण दिली, हेही त्यानेच तिला कधीतरी सांगायला हवं, आज नाही तरी ती थोडी मोठी झाल्यावर. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी.